चारशे चाळीस शब्द

आईच्या हॉस्पिटलमधल्या फाइलच्या तिसऱ्या पानावर, मधोमध, निळ्या शाईत एक ओळ होती. 'शस्त्रक्रियेनंतर भास. वयोमानानुसार. समजूत घातली.'

लेकीचं पोटापाण्याचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या पानांतल्या चुका काढणं. बावीस वर्षं ती एका प्रकाशन संस्थेत मुद्रितं तपासत होती. पुस्तक कितीही रडवणारं असो, तिचे डोळे कोरडे राहायचे, कारण ती गोष्ट वाचायचीच नाही, अक्षरं बघायची. पण या एका ओळीतली अक्षरं बघता बघता तिच्या कानशिलात ठोके पडायला लागायचे. भास. कुणाला? जिनं तीस वर्षं टायपिंगचे वर्ग चालवले, जिला खोलीकडे पाठ करून बसलं तरी नुसत्या आवाजावरून कळायचं की मागच्या रांगेत कुणाची करंगळी आळस करतेय, त्या बाईला भास! आणि 'समजूत घातली' म्हणे. समजूत रुसलेल्या पोराची घालतात.

झालं होतं ते असं. गेल्या वर्षी आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक वॉर्डात गेली तर आई उशीला टेकून बसली होती, पाण्याच्या ग्लासाला हात न लावता. लेकीनं स्टूल ओढलं न ओढलं तोच ती म्हणाली, "मी जागी होते."

"कधी?"

"ते पोटात काम करत होते तेव्हा. मध्येच जाग आली. पापणी उघडेना, बोट हलेना. पण कान चालू होते आणि पोट चालू होतं. दुखत होतं गं."

"आई, अगं..."

"आधी ऐक. एक यंत्र वाजत होतं. वाजलं की एक बाई म्हणायची, झाली रडूबाई सुरू. मग ती ते गप्प करायची आणि अंगठ्यानं माझं कपाळ दाबायची. हे इथं. पाच वेळा. मी आतून ओरडतेय, मी आहे, मी आहे, आणि ती बाई आपली अंगठा दाबतेय."

"रडूबाई तुला म्हणत होते?"

"मला कशाला म्हणतील? यंत्राला. मला कुठं रडता येत होतं?" आईनं पांघरुणाची कड सरळ केली. "वेड लागेल असं वाटलं तेव्हा मनातल्या मनात परीक्षेचं पत्र टाइप करायला घेतलं. महोदयपासून. पुरतं झालं. खाली सही करणार, तेवढ्यात सगळं विझलं."

"स्वप्न असेल आई. त्या औषधांनी पडतात म्हणे," लेक म्हणाली.

आणखीही काहीतरी म्हणाली होती, दाराशी उभ्या असलेल्या नर्सला. पण ते तिला नंतर कधी आठवलं नाही. आपल्याला सोयीचं नसलेलं विसरायला माणसाला वेगळी औषधं लागत नाहीत.

सात महिन्यांनी आई न्हाणीघरात घसरली आणि तिचा खुबा मोडला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, आठवड्याभरात काठी धरून उभ्या राहाल. आई म्हणाली, भूल घेणार नाही. डॉक्टर म्हणाले, बरं, पाठीत सुई देऊन नुसतं कंबरेखालचं बधिर करू, तुम्ही जाग्याच असाल. आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "जागं ठेवून कापणार? झालंय माझं एकदा." तेव्हा डॉक्टरांनी जुनी फाइल चाळली, तिसऱ्या पानावर थांबले, आणि त्यानंतर त्यांनी आईशी बोलणंच सोडलं. जे काय सांगायचं ते लेकीला सांगू लागले. आई मध्येच काही म्हणाली तर मान डोलवून हसायचे. सहा आठवडे आई पाठीवर पडून होती. मग छातीत कफ भरला आणि ती गेली.

ती ओळ काढायची, एवढंच लेकीच्या डोक्यात होतं. बाकी सगळं जग एकीकडे आणि ती ओळ एकीकडे.

*

तीन अर्ज आणि दोन स्मरणपत्रं दिल्यावर हॉस्पिटलनं कागदांचा गठ्ठा हातात ठेवला. त्यात एक लांबलचक आलेख होता, खाली वेळा, वर वाकड्या रेघा, मध्ये मध्ये बारीक त्रिकोण. 'मेंदूच्या यंत्राच्या स्मृतीतून छापील प्रत' एवढंच वर लिहिलेलं. लेकीला चार लिप्या वाचता यायच्या. ही पाचवी येईना. खिडकीवरच्या कारकुनाला विचारलं तर तो म्हणाला, "ते तळघरात यंत्रवाल्यांना विचारा. आम्ही नुसते शिक्के मारतो."

सोबत मावशी होती. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केलेली, त्यामुळे तिचं कुजबुजणंसुद्धा मागच्या दारापर्यंत पोचायचं. "शिक्के तरी सरळ मारत जा रे," ती जाता जाता म्हणाली, "हा उलटा मारलायस."

तळघरातल्या खोलीत तापल्या सोल्डरिंगचा वास होता. टेबलावर पोट उघडी पडलेली यंत्रं, भिंतीवर खिळ्यांना गुंडाळून टांगलेल्या वायरी, आणि चष्मा कपाळावर सरकवून बसलेला एक पन्नाशीचा माणूस. हॉस्पिटलची सगळी यंत्रं दुरुस्त करणारा तो एकटाच. त्यानं अर्ज घेतला, पत्ता वाचला आणि उभाच राहिला.

"टायपिंगच्या बाईंच्या तुम्ही कोण?"

"मुलगी."

"मी दोन वर्षं होतो बाईंकडे. नोकरीसाठी चाळीसचा वेग लागायचा. हे बोट माझं वळायचंच नाही." त्यानं करंगळी दाखवली. "कशा आहेत बाई?"

"गेली," मावशी म्हणाली. "तुमच्या या इमारतीमुळे गेली. बसायला खुर्ची आहे का उभ्यानंच प्रवास?"

त्यानं घाईनं दोन खुर्च्यांवरच्या वायरी उचलल्या. आलेख टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर स्क्रू ड्रायव्हर ठेवले.

"हे बघा ताई. भूल देतात तेव्हा कपाळावर एक पट्टी चिकटवतात. तिला चार चकत्या असतात. त्या मेंदूतली वीज टिपतात आणि यंत्र त्याचा एक आकडा करून दाखवतं. शंभर म्हणजे टक्क जागा माणूस. शून्य म्हणजे मेंदू सामसूम. ऑपरेशनमध्ये चाळीस ते साठच्या मध्ये ठेवायचा. चाळीसच्या खाली गेला तर भूल जड होतेय. साठच्या वर चढला तर माणूस वर यायला लागला. दोन्हीकडे गजर होतो."

"एवढं सोपं असेल तर मग अडलं कुठं?" मावशीनं विचारलं.

"आकडा एकटा वाचायचा नसतो, मावशी. तिथंच लोक चुकतात." त्यानं पेन्सिलीचं टोक खाली नेलं. "आकड्याखाली ही हिरवी दांडी. पट्टीकडून येणारी खबर स्वच्छ आहे की नाही ते ही सांगते. भरलेली असली तर खबर पक्की. आणि ही दुसरी, स्नायूंची. कपाळाला आठ्या पडल्या, दात आवळले गेले, की ही चढते आणि तिच्यापायी आकडा उगाच फुगतो. म्हणून तिन्ही एकदम वाचायचं. हिरवी पडलेली आणि आकडा वर, तर आकड्यावर विश्वास ठेवू नका, पट्टी बघा. स्नायूंची चढलेली आणि आकडा वर, तर शंका घ्या. हिरवी भरलेली, स्नायूंची तळाला, आणि आकडा वर..."

तो थांबला. त्याची पेन्सिल दहा बेचाळीसवर आली होती.

"तर?" लेक म्हणाली.

"तर माणूस जागा आहे असंच धरायचं. आधी भूल तपासायची, मग यंत्र."

लेकीनं आलेखावर मान वाकवली. आता तिला ती लिपी येत होती. दहा चाळीसला सत्तेचाळीस. दहा बेचाळीसला साठ ओलांडले. मग एकाहत्तर. मग अठ्ठ्याहत्तर, आणि तिथंच रेंगाळून दहा त्रेपन्नला साठच्या खाली उतरलेली रेघ. खाली हिरवी दांडी काठोकाठ. स्नायूंची जमिनीला चिकटलेली.

"स्नायूंची एवढी खाली का?"

"स्नायू ढिले पडायचं औषध वेगळं असतं. ते झोपवत नाही, नुसतं बांधून ठेवतं. ते चालू होतं. झोपेचं संपलं होतं." त्यानं दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं. "ही हाती लिहिलेली नोंद बघा. दहा एक्कावन्न, भांडं भरलं, शिरेतून झोपेचं औषध दिलं. भुलीच्या यंत्रावर एक भांडं असतं, त्यातल्या औषधाची वाफ होऊन ती श्वासातून जाते. ते कोरडं पडलं होतं."

"आणि कुणाला कळलं नाही?"

"वाफ किती जातेय ते मोजायचंही यंत्र असतं." तो फळीकडे वळला. फळीवर धूळ बसलेलं एक राखाडी खोकं होतं, त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. "त्या खोलीतलं हे. त्या ऑपरेशनच्या आधीपासून बिघडून इथंच आहे. एक भाग यायचाय."

मावशीनं उठून खोक्यावर बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली धूळ त्याच्यासमोर धरली. मावशी बोलत नाही तेव्हा समोरच्यानं जपून असावं.

"नाडी चढली नसेल का?" लेकीनं विचारलं. "इतकं दुखत असताना?"

"बाई रक्तदाबाची गोळी घ्यायच्या ना? त्या गोळीनं नाडी पळत नाही. थोडी चढलीय, बघा, पण थोडीच."

"आणि हे त्रिकोण?"

यंत्रवाल्यानं चष्मा खाली ओढला. नको ते विचारलं गेल्यासारखा तोंड पुसत राहिला. "गजर गप्प केल्याच्या खुणा. बटण दाबलं की दोन मिनिटं गप्प बसतो, मग पुन्हा वाजतो. दहा त्रेचाळीस, पंचेचाळीस, सत्तेचाळीस, एकोणपन्नास, एक्कावन्न."

पाच. लेकीला मोजायची गरज नव्हती, तरी तिनं मोजले.

"ताई, खरं सांगतो, माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होवो. पट्टी एकदा वापरून फेकायची असते. इथं ती स्पिरिटनं पुसून, वरून चिकटपट्टी मारून पुन्हा लावतात. तीनदा, चारदा. ती सुटते, यंत्र कोकलतं. दिवसातून वीसदा. म्हणून इथं सगळ्यांच्या हातांना एक वळण लागलंय. बटण दाबा, अंगठ्यानं पट्टी दाबा, पुढं चला. रडूबाई म्हणतात या यंत्राला सगळे."

लेकीनं आलेखावरून डोळे उचलले. "काय म्हणतात?"

"रडूबाई. आमच्यातलं नाव आहे ते, बाहेर कुणाला माहीत नाही."

"आईला माहीत होतं," ती म्हणाली.

यंत्रवाला हळूहळू बोलला, "पण सुटलेल्या पट्टीचा गजरच वेगळा असतो हो. आकडा नाहीसा होतो, त्याच्या जागी दोन आडव्या रेघा येतात. इथं आकडा जागच्या जागी होता. लाल होऊन लुकलुकत होता. नुसती मान वर करून बघायला हवं होतं."

"नऊ मिनिटं कुणी मान वर केली नाही," मावशी म्हणाली. "मी धावत्या गाडीत साठ माणसांत बिनतिकिटाचा एक ओळखायची."

"आई म्हणाली होती की तिनं मनात परीक्षेचं पत्र टाइप केलं," लेक म्हणाली. कुणाला सांगत होती कोण जाणे. "पुरतं झालं आणि सही करायच्या वेळी झोप लागली."

यंत्रवाल्याची बोटं टेबलाच्या कडेवर आपोआप पसरली, दहाच्या दहा, मनगटं उचललेली, बाईंनी शिकवलं होतं तशी. "महोदय, आपल्या दिनांक अमुकच्या पत्रास अनुसरून..." तो पुटपुटला आणि एकदम थांबला. "ताई, ते पत्र चारशे चाळीस शब्दांचं होतं. बाई म्हणायच्या, चारशे चाळीस शब्द, चाळीसचा वेग, घड्याळाकडे बघू नका, पत्र संपलं की अकरा मिनिटं झाली."

दहा बेचाळीस ते दहा त्रेपन्न. लेकीनं आलेखाच्या दोन टोकांवर दोन बोटं ठेवली. मधल्या एवढ्याशा अंतरात तिची आई, पोट उघडं, हात बांधल्यासारखे, एकही चूक न करता ओळीमागून ओळ टाइप करत होती. आणि लेक तिला म्हणाली होती, स्वप्न असेल.

*

अधीक्षकांनी भेटीला अर्धा तास दिला होता. त्यांच्या टेबलावर काच होती, काचेखाली हॉस्पिटलच्या इमारतीचा फोटो होता, आणि ते बोलताना समोरच्या माणसाऐवजी त्या फोटोकडेच बघायचे. बाजूच्या खुर्चीत भूल देणाऱ्या डॉक्टर बसल्या होत्या. आखूड केस, साधं घड्याळ, डोळ्यांखाली जागरणाचे काळे खड्डे. त्यांनी हात मांडीवर ठेवले होते, आणि लेकीला त्यांचा उजवा अंगठा तेवढा दिसत होता.

लेकीनं आलेख पसरला. घरून चार वेळा तालीम करून आली होती, आवाज चढू द्यायचा नाही असं ठरवून. आकडा, हिरवी दांडी, स्नायूंची दांडी, पाच त्रिकोण, भांडं, पत्र. एकेक गोष्ट तिनं पानावर खुणा कराव्यात तशी दाखवली. शेवटी तिसरं पान उलटून म्हणाली, "ही ओळ खोडा."

"आम्हाला तुमच्या दुःखाची पूर्ण कल्पना आहे," अधीक्षक फोटोला म्हणाले.

"तुम्हाला भास होतोय," मावशी म्हणाली. "वयोमानानुसार."

अधीक्षकांनी घसा साफ केला. "हे बघा, अशी यंत्रं पूरक असतात. निव्वळ एका आकड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. नोंदीतही तसं आहे. मॅडमनी लिहिलंय: आकडा अविश्वसनीय, पट्टी सैल."

"पट्टी सैल असती तर हिरवी दांडी पडली असती. ती भरलेली आहे. अकराच्या अकरा मिनिटं. मी एका आकड्यावरून बोलत नाहीये, तिन्ही वाचून बोलतेय. तुम्ही किती वाचलेत?"

"तुम्हाला कोर्टात जायचंय का? तसं स्पष्ट सांगा."

"ते मी नंतर ठरवीन. आज मला ही ओळ खोडून हवीय."

"फाइल हा कायदेशीर दस्तऐवज असतो. त्यात खाडाखोड करता येत नाही."

"येते," लेक म्हणाली. आता आवाज चढला, पण तिनं चढू दिला. "एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. शेजारी दुरुस्ती, तारीख, सही. तुमच्याच नियमांत आहे, अर्जाला त्याची प्रत जोडलीय. माझा जन्म चुका दुरुस्त करण्यात गेलाय साहेब. मला खाडाखोड आणि दुरुस्ती यातला फरक शिकवू नका."

अधीक्षकांनी आपल्या बाजूची मूळ फाइल ओढली आणि लेकीला दिलेल्या गठ्ठ्यात नसलेलं एक पान काढलं. पिवळं, नर्सच्या नोंदींचं. आता ते पहिल्यांदाच सरळ लेकीकडे बघत होते.

"मला हे वाचायचं नव्हतं," ते म्हणाले आणि वाचलं. "'रुग्ण सांगते, ऑपरेशनमध्ये जाग आली. मुलीला विचारले. मुलगी सांगते, आईला पूर्वीपासून वाढवून सांगायची सवय आहे, लक्ष देऊ नये.' ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेनऊ. भास हा शब्द आम्ही हवेतून काढला नाही, ताई. तुमच्याच तोंडचा आधार होता."

मावशीनं मान वळवली. पूर्ण वळवली, खुर्चीसकट. "तू म्हणालीस असं?"

लेकीला सगळं दिसलं, जणू कुणी पान उलटून समोर धरलं. दाराची चौकट. हातात पेन घेतलेली नर्स, चेहऱ्यावर खरीखुरी काळजी. नर्सनं विचारलं होतं, आजी म्हणतात ते खरं असेल का हो, डॉक्टरांना बोलावू का? आणि लेकीच्या पिशवीत दोनशे पानांची मुद्रितं होती, प्रेसवाला दुपारपर्यंत थांबणार होता, आणि ती हसली होती. हसून म्हणाली होती. नर्सनं पेन टेकवायच्या आधी आणखी एकदा तिच्याकडे बघितलं होतं.

"म्हणाले," ती म्हणाली.

"माझ्या बहिणीबद्दल? जिनं आयुष्यात एक कानाही जास्तीचा मारला नाही तिच्याबद्दल?"

"हो."

मावशीच्या ओठांवर पुढचं काहीतरी आलं होतं. ते तिनं गिळलं. अधीक्षकांनी खुर्चीत पाठ टेकवली. त्यांच्या दृष्टीनं भेट संपली होती. त्यांनी घड्याळाकडेही बघून घेतलं.

"पेन द्या," लेक म्हणाली.

"कशाला?"

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. टेबलावरच्या उभ्या डब्यातलं पेन उचललं, पिवळं पान स्वतःकडे फिरवलं आणि 'मुलगी सांगते'पासून 'लक्ष देऊ नये'पर्यंत एक रेघ मारली. सरळ, बारीक, खालचं प्रत्येक अक्षर वाचता येईल अशी. शेजारच्या कोऱ्या जागेत लिहिलं: 'हे मी सांगितले ते चूक. आई खरे सांगत होती.' तारीख. सही. मग कंसात 'मुलगी'.

"अहो! नातेवाइकांना फाइलमध्ये लिहिता येत नाही!" अधीक्षक उठून उभे राहिले.

"लिहून झालं. आता माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. तुमचा आधार मी काढून घेतलाय. आता ही ओळ कशाच्या जोरावर उभी आहे?"

तिनं तिसरं पान उघडून भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढे सरकवलं आणि पेन त्यावर आडवं ठेवलं.

बराच वेळ डॉक्टर पेनाकडे बघत होत्या. अधीक्षक म्हणाले, "मॅडम, तुम्ही काही बोलायची गरज नाही." तेव्हा त्या बोलल्या.

"मला तेव्हाच कळलं होतं. भांडं कोरडं दिसलं तेव्हा मी वर बघितलं. अठ्ठ्याहत्तर. हिरवी भरलेली." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारायलाच आले होते. खरंच विचारायला आले होते. दारात नर्सनं हे पिवळं पान हातात दिलं. ते वाचलं आणि मला..." त्या थांबल्या. "मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणून मी ती ओळ लिहिली. त्यांच्या खाटेपाशी गेलेच नाही. समजूतबिमजूत कुणी घातली नाही."

लेकीला वाटलं होतं की हे ऐकलं की आतलं काहीतरी शांत होईल. तसं काहीही झालं नाही. उलट इतकी भडकली ती, की टेबलाची कड धरून बसावं लागलं. या बाईला एक वाक्य हवं होतं आणि ते आपण आयतं तिच्या हातात ठेवलं. दोघींनी मिळून केलं. एकीनं अंगठा दाबला, दुसरीनं तोंड.

"लिहा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पेन उचललं. सरळ एक रेघ मारली. शेजारी लिहिलं: 'रुग्ण शस्त्रक्रियेदरम्यान जागी होती. सकाळी १०.४२ ते १०.५३. भुलीचे औषध संपले होते.' आणि सहीकडे वळल्या.

"थांबा," लेक म्हणाली. "पाच वेळा राहिलं."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. मग मान खाली घालून लिहिलं: 'गजर पाच वेळा वाजला. पाचही वेळा मी बंद केला.' तारीख. सही. पेन खाली ठेवलं आणि उजवा हात पुन्हा मांडीवर, टेबलाखाली नेला.

लेकीनं पान दोनदा वाचलं, एकदा अर्थासाठी आणि एकदा अक्षरांसाठी. चूक नव्हती. तिनं दोन्ही पानांची प्रत मागितली, ती मिळेपर्यंत हलली नाही, आणि अधीक्षकांना नमस्कार न करता उठली.

बाहेरच्या पायऱ्यांवर ऊन होतं. मावशी दोन पायऱ्या पुढे उतरत होती. फाटकापाशी ती थांबली, पण मागं वळली नाही.

"तिची खाट कुठं होती गं, वॉर्डात?"

"दाराशी. पहिली."

"आणि तू नर्सशी दारात उभी राहून बोललीस."

"हो."

"मग तिनं ऐकलं."

त्या सकाळनंतर आईनं तो विषय लेकीपाशी पुन्हा कधी काढला नव्हता. लेकीला वाटलं होतं, विसरली. खुबा मोडून पडल्यावर तिनं ते डॉक्टरांना सांगितलं, नर्सला सांगितलं, फरशी पुसणाऱ्या बाईलासुद्धा सांगितलं. लेकीला नाही. लेक समोर असली की भिंतीकडे तोंड करायची आणि पांघरुणावर तिची बोटं हलत राहायची, एका लयीत, करंगळीपासून करंगळीपर्यंत.